नोल्वेन मला 'तुम्ही' म्हणाली

६ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. मन मोकळं करायला वगैरे नव्हे. निरीक्षणं नोंदवणं हा माझा धंदाच आहे. या कृषी आणि पर्यावरण महाविद्यालयात मी माती शिकवतो. माझी बायको नोल्वेन इथेच गवत शिकवते, म्हणजे कुरणातल्या वनस्पती. सप्टेंबरात तिने शहरात, स्टेशनजवळ छोटा फ्लॅट घेतला. पुस्तक लिहायला शांतता हवी म्हणाली. घरात होतो आम्ही दोघं आणि फ्रिज. फ्रिज घरघरतो, हे मान्य.

संकल्प : तिला फोन करायचा नाही. नाताळपर्यंत आपण होऊन येते.

७ ऑक्टोबर
फोन केला. फ्रिज दुरुस्त झाला एवढंच सांगायला. बरं केलंस, म्हणाली. आवाज थकलेला. पुस्तकाचा ताण.

९ ऑक्टोबर
दुकानातून बिनमिठाचं लोणी आणलं. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या ब्रिटनीत लोणी म्हणजे खारंच; असलं अळणी लोणी पॅरिसच्या पाहुण्यांसमोरसुद्धा कुणी ठेवत नाही. शेजारच्या केबिनमधल्या मादाम फ्लॉकला सहज बोललो. ती दूध शिकवते, जीभ मात्र दह्याची. म्हणाली, अरे गिल्दास, डॉक्टरला दाखव, हे साधं दुखणं नाही. मी म्हणालो, हल्ली पाकिटांचे रंग सारखेच असतात.

१४ ऑक्टोबर, दुपार
मोठी बातमी! डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये नोल्वेनने टेबलापलीकडून मला विचारलं, तुमचं काय मत आहे? तुमचं!

आमच्याकडे डायरेक्टरपासून गोठ्यातलं शेण काढणाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांना तू म्हणतात. ही इथली रीतच. तुम्ही म्हटलं की माणूस मागे वळून बघतो, कोण आलंय म्हणून. मग नवराबायकोत तुम्ही कशाला?

मला लगेच उमगलं. ओळख झाली तेव्हा मी प्रॅक्टिकल घेणारा नवा मास्तर होतो आणि ती विद्यार्थिनी. पूर्ण टर्म ती मला तुम्ही म्हणाली. मग एकदा भुरभुर पाऊस चालू असताना मातीचे थर पाहायला खणलेल्या खड्ड्यात ती सपशेल घसरली. मला हसू आलं. ती ओरडली, हसतोस काय गाढवा, हात दे! तो पहिला तू. पुढच्या उन्हाळ्यात लग्न.

निष्कर्ष : ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतेय. आधी तुम्ही, मग तू, मग घर. किती हुशार बाई! मी हरखून ठरावाच्या बाजूनेही हात वर केला आणि विरोधातही.

२१ ऑक्टोबर
कँटीनच्या रांगेत मागून म्हणाली, तुमचा ट्रे जरा पुढे घेता का? इतकं गोड कुणी बोललं नव्हतं कित्येक दिवसांत. घेतला. सूप सांडलं.

मादाम फ्लॉकला सगळं उलगडून सांगितलं. ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, तुला जमिनीखाली दोन मीटर दिसतं रे, नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. तिचा नवरा गेल्यापासून ती जरा कडवटच झालीये. मी मनावर घेतलं नाही.

४ नोव्हेंबर
योजना. पुढच्या मंगळवारी शेतावर आमचा दोघांचा मिळून वर्ग आहे. मी खड्ड्यात उतरून माती सांगणार, ती काठावरून गवताची मुळं. तोच खड्डा, तोच पाऊस (ब्रिटनीत नोव्हेंबरमध्ये पावसाची काळजी करावी लागत नाही). ती घसरेल, मी हात देईन. घसरली नाही तर थोडी चिकणमाती काठावर आणून ठेवता येईल. नको. फसवणूक नको. उतार थोडा वाढवून घ्यायला हरकत नाही.

जुना पिवळा रेनकोट शोधला. बटणं लागत नाहीत. पूर्वीचं कापड आटतं.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
घसरलो मी.

मांडीपर्यंत गाळात. बूट खालीच राहिला. वर सगळा वर्ग पोटं धरून हसतोय. नोल्वेन काठावर छत्री धरून उभी. मी हात पुढे केला. मुद्दाम तिच्याचकडे. ती वाकली, हात अर्ध्यावर आला आणि थांबला. म्हणाली, तुम्ही हलू नका, मी कुणाला तरी बोलावते.

ट्रॅक्टरवाल्याने दोर टाकून ओढलं. तो म्हणाला, अरे गिल्दास, वासरूसुद्धा याहून लवकर निघतं.

पण तिचा हात अर्ध्यावर आला होता. ही नोंद महत्त्वाची. आणि ती हसली नाही. सगळे हसले, ती नाही. काळजी वाटली असणार.

१२ नोव्हेंबर
बिछान्यात. सर्दी. विचार करायला वेळ मिळाला आणि चूक सापडली. ती एकटी तुम्ही म्हणतेय आणि मी आपला ठोंब्यासारखा तू-तूच करतोय. टाळी एका हाताने कशी वाजणार? आता मीही तुम्ही म्हणायचं. फोन केला. शनिवारी क्रेपच्या, पातळ घावनांच्या दुकानात ये म्हणालो. (शेवटचा तू.) येते म्हणाली. लगेच! हे आधीच सुचायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर
दाढी केली. वेळेआधी पोचलो. ती आली तशी उठून खुर्ची ओढली आणि म्हणालो, बसा ना तुम्ही. तुमच्यासाठी साखर-लोण्याचा सांगू?

मला वाटलं, हसेल. तिचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, थँक यू, गिल्दास. मला वाटत होतं, तुम्हाला हे कधी पटणारच नाही.

मी विचारलं, काय?

म्हणाली, आपलं संपलंय ते. दर वेळी सांगायचं ठरवून यायचे मी. पण तोंडातून तू निघालं की पुढचं निघायचंच नाही, पाय तिथेच रुतायचा. म्हणून तुम्ही म्हणायचं ठरवलं. आधी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. फार रडले त्या दिवशी. मग जमायला लागलं. आज तुम्हीही इतक्या सहज 'तुम्ही' म्हणालात, माझ्या छातीवरचा दगड उतरला बघा.

पार दक्षिणेत, माँपेलिएला नोकरी मिळालीये तिला. जानेवारीपासून.

मी म्हणालो, हो, मीही तेच सुचवणार होतो.

क्रेप चांगला होता, असं वाटतं. दोघांचेही तसेच राहिले.

१६ नोव्हेंबर
माँपेलिएची हवा तिला मानवणार नाही. तिकडे उन्हाळ्यात गवत करपून जातं. गवताची बाई तिथे करणार काय? ईस्टरपर्यंत परत येते.

मादाम फ्लॉकला हे सांगितलं. टोमणा मारेल म्हणून तयार होतो. तिने केबिनचं दार लावून घेतलं आणि रुमाल दिला. मला सर्दी आहे, म्हणालो. हो रे, सर्दीच आहे, म्हणाली.

५ जानेवारी
तिला स्टेशनवर सोडून आलो. बॅगा जड होत्या, कुणीतरी हवंच होतं.

प्लॅटफॉर्मवर हवापाण्याच्या गोष्टी. गाडी लागली. दोन्ही गालांना गाल लावले, सगळ्यांना लावतो तसे. ती पायरीवर चढली, वळली आणि म्हणाली, मफलर नीट गुंडाळ रे, तुला लगेच बाधतं.

गुंडाळ. तुला.

तिच्या ते लक्षात आलं. दांडा धरून तशीच उभी राहिली. आत जाईना, खाली उतरेना. माझ्याकडे बघत राहिली. किती दिवस मी त्या एका शब्दाची वाट पाहिली होती! आता मी नुसतं 'नोल्वेन, तू' एवढं म्हटलं असतं, तर ती उतरली असती. हे मी मनाचं सांगत नाही. या खेपेला खरंच दिसत होतं. उतरली असती, आणि पुन्हा कधीतरी आरशासमोर उभी राहून रडली असती.

म्हणालो, तुम्ही आत जा, दार लागतंय.

गेली.