पत्रा माझा, मामा मंत्री

३ मार्च, मंगळवार

आज तोंडाने घात केला.

जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीच्या मागच्या खोलीत टीव्ही चालू होता. बातम्यांत मामा. पांढरे कपडे, हात जोडलेले, शेजारी दोन बंदूकवाले. माझ्या तोंडून गेलं — हा माझा सख्खा मामा. सगळे हसले. चादरींच्या घड्या घालणारा एक जण आहे, त्याला आम्ही 'बातमी' म्हणतो, कारण कुणाला शिंक आली तरी तो फोनवरून गावभर करतो. तो म्हणाला, मामा मंत्री आणि भाचा हॉटेलच्या चादरींचे डाग काढतो, हे कसं काय?

हे कसं काय! सात वर्षं मीही हेच विचारतोय. पण त्याने विचारलं म्हणून डोकं फिरलं. सांगून टाकलं — मामाचं आमच्यावर फार लक्ष आहे, घरावर नवा पत्रा त्यानेच घातला, मी इथे हौसेने आलोय.

हौसेने! वाफेच्या खोलीत हौसेने कोण उभं राहतं?

५ मार्च

खरं काय ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर मलाच माझी थाप खरी वाटायची. पत्रा माझा आहे. दोन वर्षं जादा पाळ्या केल्या, एकदाही घरी गेलो नाही, तेव्हा झाला. निळा पत्रा. आईने फोटो पाठवला होता, अजून फोनवर आहे.

वडील गेले तेव्हा मामा आला होता. आईचा हात हातात घेतला, "काही लागलं तर सांग ताई" म्हणाला आणि गाडीत बसला. आईने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. मी सातवीतून शाळा सोडली. त्याच्या बंगल्यात माशांना वेगळी खोली आहे. माशांना!

८ मार्च

खोलीवर वाद. माझ्या खोलीत हॉटेलचा स्वयंपाकी राहतो, वयाने मोठा, त्याला मी सगळं खरं सांगितलंय. मी म्हटलं, एवढा पैसेवाला माणूस, सख्ख्या बहिणीला द्यायला नको?

स्वयंपाकी कांदा चिरावा तसा बोलतो, बारीक आणि भराभर. म्हणाला, "देऊ दे की. पण ते त्याच्या खिशातलं का माझ्या, एवढं आधी विचार."

म्हटलं, मग माशांना खोली चालते? म्हणाला, मासे कुणाचे भाचे नाहीत.

मी विचारलं, उद्या तुझा भाऊ मंत्री झाला तर? हा उठला, पाणी प्यायला, टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाला, "तर मी रजा टाकून आधी त्याच्याकडे जाईन." हसून हसून पोट दुखलं.

११ मार्च

मेलो. बातमीने त्या दिवशीचं माझं बोलणं फोनवर घेतलं होतं! ते फिरत फिरत थेट मामाच्या विरोधकांकडे पोचलं. काल त्यांनी भर सभेत लावलं. भाचा स्वतः सांगतोय, लोकांच्या पैशातून बहिणीच्या घरावर पत्रा! चौकशी करा म्हणतायत. मतदान दोन आठवड्यांवर.

बातमीला यथेच्छ शिव्या दिल्या. तो म्हणतो, प्रसिद्ध झालास, चहा पाज.

१२ मार्च

मामाचा फोन. सात वर्षांनी! मी मशीनमधून ओल्या चादरी उपसत होतो, तसाच ओल्या हाताने घेतला.

रागावला नाही. त्यानेच जास्त घाबरलो. म्हणाला, लोकांना एवढंच सांग की मामाने आम्हाला कधी काही दिलं नाही. मी म्हटलं, त्यात काय, खरंच आहे ते. मग म्हणाला, तुझ्यासाठीही काहीतरी करतो, काय हवं ते बोल.

म्हणजे मामा मला पैसे देणार. कशाबद्दल? तर मामाने कधी पैसे दिले नाहीत हे सांगण्याबद्दल!

मला काय सुचलं कुणास ठाऊक. म्हटलं, "पैसे नकोत. एकदा आईकडे जा. त्या पत्र्याखाली बसून चहा पी."

"ताईशी बोललास का याबद्दल?"

"नाही."

"नको बोलूस. तिला यात आणू नकोस. निवडणूक झाली की जातो. शब्द दिला."

बहिणीची एवढी लाज! असू दे. मंत्र्याला अट घातली आपण. दिवसभर चादरी हलक्या वाटल्या.

१३ मार्च

व्हिडिओ झाला. बातमीनेच काढला, त्याची तेवढीच फेड. इस्त्रीचा सदरा, मागे पांढरी चादर. एका दमात बोललो — मी फुशारकी मारली. मामाने आम्हाला कधी एक पैसा दिला नाही. घरावर छप्पर आहे ते माझ्या घामाचं. आईची शपथ.

स्वयंपाकी म्हणाला, कंजूषपणाची एवढी चांगली जाहिरात कुणी केली नसेल.

२० मार्च

मामाच्या सभांत मला दाखवतात! लोक टाळ्या वाजवतात म्हणे. घरच्यांना न देणारा माणूस आपलं काय खाणार, असं भाषणात सांगतो. स्वयंपाकीसुद्धा म्हणाला, माणूस सरळ दिसतो रे.

मला मात्र शाळा आठवली. त्या टाळ्यांत माझी सातवी आहे.

२९ मार्च

निवडून आला. मुकादमाने मला वाफेच्या खोलीतून काढून घड्यांच्या टेबलावर दिलं. मामाने न करता झालेली पहिली मदत!

२ एप्रिल

मामाने शब्द पाळला. एकटाच आला, दोन तास बसला. आई फोनवर हरखून सांगत होती. चहा दोनदा घेतला, मग वर बघून म्हणाला, वासे अजून सरळ आहेत ताई, लाकूड बरं निवडून पाठवलं होतं मी.

मी विचारलं, कसलं लाकूड?

आई हळूच म्हणाली, "तुझ्या पैशांत नुसता पत्रा आला रे. तो काय हवेत राहणार होता? तू एवढा राबलेला. नाही सांगवलं." शेजारणीने तिला माझा व्हिडिओ दाखवला होता. "भावाची खुर्ची राहिली, तुझा मान राहिला. मी कशाला मध्ये बोलू?"

फोनवरचा तो फोटो उघडून पाहिला. नुसता निळा पत्रा दिसतो. वासे आतून असतात.

आईची शपथ घेतलीय मी. चार लाख लोकांनी बघितलंय.