अडीच वेढे चिकटपट्टी

प्रिय ठकू,

परवा फोनवर 'मशीन चालू झालं' एवढंच सांगून मी फोन ठेवला, तेव्हा तू चिडली असणार. पण तुझी आई शेजारीच बसली होती, आणि काही गोष्टी मला तोंडाने धड सांगता येत नाहीत. जन्मभर भूगोल शिकवला, पण तिथे हाताशी फळा होता. म्हणून कागद घेतलाय. अक्षर लागलं नाही तर चष्मा बदल, माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.

आपलं काय ठरलं होतं ते मी विसरलेलो नाही. रेकॉर्ड प्लेअर बंद पडला आणि आईचं सगळंच बिनसलं. जेवेना, केस विंचरू देईना, दिवसभर दाराची कडी धरून उभी. तू म्हणालीस, तिला त्या संस्थेत ठेवू, तिथे सांभाळणाऱ्या बायका आहेत. मी म्हणालो, महिनाभर थांब, मी मशीन दुरुस्त करतो, तिचं गाणं सुरू झालं की ती ताळ्यावर येईल आणि घरीच राहील. तू हो म्हणालीस खरी, पण माझ्या हातांवर तुझा काडीचा विश्वास नव्हता. इस्त्रीची वायर जोडायला घेऊन ज्याने अख्ख्या जिन्याला अंधारात बसवलं, त्याच्यावर कोण ठेवणार? रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने तर मशीन न उघडताच हात वर केले. मोटरवरून तबकडीपर्यंत जाणारा रबरी पट्टा कुठून मागवायचा, तेवढं मात्र त्याने सांगितलं.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि बसलो. तबकडी उचलली तर जुना पट्टा वितळून डांबरासारखा सगळीकडे माखलेला. तीन दिवस कापूस आणि स्पिरिट घेऊन पुसत होतो. मधल्या दांड्यातलं तेल सुकून घट्ट झालं होतं, ते काढून नवं घातलं. मोटरच्या इवल्याशा पुलीवर कुणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. हा कुठल्या गाढवाचा उद्योग, असं म्हणत मी तीही नखाने खरवडून काढली. आई समोर खुर्चीत बसून सगळं बघत होती, आणि मला वाटत होतं, चला, निदान दारापासून तरी हलली.

नवा पट्टा चढवला, तिची आवडती रेकॉर्ड लावली. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ हातात घेऊन फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस आणि वर थोडा, अगदी पुस्तकात असतात तसे. आईने दोन ओळी ऐकल्या, या बाईला बरं नाहीये का म्हणून विचारलं, आणि कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला मशीन उचलून खाली फेकून द्यावंसं वाटलं.

मग आठवलं. ते गाढव मीच होतो. तू बालवाडीत असताना पट्टा सैल पडून गाणी रेंगाळायला लागली होती, तेव्हा मीच पुलीवर ती चिकटपट्टी गुंडाळली होती. पुली जाड झाली, तबकडी जास्तच पळायला लागली, आणि मी आपली पाठ थोपटून घेतली. पुढे पट्टा बदलला, पण चिकटपट्टी राहिली. म्हणजे आपल्या घरातलं प्रत्येक गाणं इतकी वर्षं जगापेक्षा घाईत आणि चढ्या सुरात वाजलं. शाळेच्या गाण्यात पेटीवाल्या बाईंनी तुला सूर जुळत नाही म्हणून खाली बसवलं, आणि तू घरी येऊन रडलीस, आठवतं? तुझं काही चुकलं नव्हतं गं. आज उशिरा का होईना, माफ कर.

पुन्हा चिकटपट्टी आणली. तीन वेढे जास्त झाले, दोन कमी पडले, अडीचवर बरोबर जमलं. आई ओल्या हातांनी बाहेर आली, खुर्चीत बसली, आणि तिने ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. एक शब्द चुकली नाही. मी टेबल धरून रडलो, लाज वाटायचं वय गेलं आता. गाणं संपलं तशी ती माझ्याकडे वळली, डोळे स्वच्छ, चेहरा हसरा, आणि म्हणाली, दादा, फार छान दुरुस्त केलंत, बसा, आमचे हे येतीलच इतक्यात.

दादा. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर. तिला माझी ओळख पटत नाही हे मला चार महिन्यांपासून कळत होतं, तुला सांगायची हिंमत झाली नाही. मी म्हणालो, अगं, मीच तो. तर घाबरून दारामागे जाऊन लपली. मी लगेच शब्द फिरवला, चेष्टा केली म्हणालो, तेव्हा कुठे बाहेर आली. मग चहाचा कप पुढे ठेवून तिने मला तुझ्या बाबांबद्दल सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा कळत नाही, पण माणूस सोन्यासारखा आहे म्हणाली. हे माझ्या तोंडावर ती कधी बोलली नव्हती.

आता ती जेवते, गाते, खूश असते. पण परक्या माणसाला ती केसांना हात लावू देत नाही, आणि अंधारायला लागलं की दादा, आता निघा म्हणते. दोन संध्याकाळी मी जिन्यात बसून काढल्या, ती झोपल्यावर किल्लीने दार उघडून आत आलो. हे चालायचं नाही. संस्थेच्या फॉर्मवर मी सही केली आहे, तो याच पाकिटात आहे. मशीन तिच्याबरोबर जाऊ दे. मी मंगळवारी आणि शुक्रवारी तेल घालायला येत जाईन, तिथल्या बायकांना तसं सांगून ठेव. आणि ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते आता लिहितो. रविवारी तू तिला न्यायला येशील, तेव्हा तिच्यासमोर मला बाबा म्हणू नकोस.

तुझाच,
बाबा