मधले थांबे

रविवार, २ नोव्हेंबर

आज सकाळी साडेनऊला टेम्पोतून सामान उतरले आणि मी बडोद्याचा झालो. नवी खोली, नवी वही.

अकरा दिवसांत चौदा खोल्या पाहिल्या. मकरपुऱ्यात, कंपनीला लागूनच, एका खोलीत सहा जण आणि आंघोळीला रांग. मांजलपुरातल्या मालकिणीने आधी मासे-मटण खातोस का ते विचारले, नाही म्हटल्यावर एकटा मुलगा नको म्हणाली. कारेलीबागेत आनंदीताई राहते, पण तिथली भाडी ऐकून दाजींनाच हसू आले. शेवटी शहराच्या उत्तर टोकाला सावली रोडवर ही मिळाली. भाडे झेपते, नळाला दोन्ही वेळ पाणी आहे आणि कंपनीची बस सोसायटीच्या फाटकाशी येते. तो तिचा पहिलाच थांबा, म्हणजे खिडकीची जागा नक्की.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन शहाद्याहून इथे आली त्याला आठ वर्षे झाली. कंपनीच्या स्टोअरमध्ये मला चिकटवले तेही दाजींनीच. आज ती, दाजी आणि सहा वर्षांची ओवी खोली लावायला आली होती. दाजींची आई दांडिया बाजारात राहते, तिने लिंबाचे लोणचे पाठवले. ताई भांडी मांडताना बडबडत होती की एवढ्या लांब राहायला गेलास, आता केम छो विचारायला पण आम्ही रिक्षा करायची का. ओवीने घर पाहून मामाला विचारले की बाकीच्या खोल्या कुठे ठेवल्या. सगळे खूप हसलो.

सोमवार, ३ नोव्हेंबर

वेळा टिपून ठेवतो. ७.०५ सावली रोड. ७.१६ समा. ७.२८ कारेलीबाग. ७.४० दांडिया बाजार. ७.५४ लालबाग. ८.०८ मांजलपूर. ८.२५ कंपनी. एकूण ऐंशी मिनिटे.

कारेलीबागेचा थांबा ताईच्या गॅलरीसमोरच आहे. ओवी दात घासता घासता हात हलवत होती. लालबागला विहंग नावाचा मुलगा चढला आणि माझ्या शेजारी बसला. वही पाहून त्याने लगेच माझे नाव तलाठी ठेवले. दर थांब्याला विचारतो, काय तलाठीभाई, पाऊण मिनिट वाचलं की नाही?

काम सोपे आहे. आलेल्या मालावर चिठ्ठ्या लिहून लावायच्या. माझे अक्षर साहेबांना आवडले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रोजची एकशे साठ मिनिटे बसमध्ये जातात. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी चहा संपवत उभा असतो आणि बस त्याच्यासाठी थांबते. मला उगाच बसून राहणे सहन होत नाही, पाय हलायला लागतात. विहंग म्हणाला, मग अर्ज कर ना, एवढं अक्षर काय लोणच्याला ठेवलंय?

दुपारी अर्ज लिहिला. तीन वेळा कच्चा, एकदा पक्का. ‘तरी मधले थांबे कमी करून प्रवासाचा वेळ वाचवावा, ही नम्र विनंती.’

बसचे काम दिनकरराव पाहतात. दांडिया बाजारातले जुने मराठी घराणे, पणजोबा संस्थानात कारभारी होते, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांतच सांगितले. अर्ज दोनदा वाचून ते म्हणाले, तीस वर्षांत एवढा शुद्ध कागद या टेबलावर आला नाही, एक वेलांटी चुकलेली नाही. मंजूर. बुधवारपासून रोज एक थांबा कमी होईल, कंपनीच्या बाजूने सुरुवात. पहिला आणि शेवटचा राहणार, कारण ते अर्जात नाहीत.

मी विचारले, मग मधल्या थांब्यांवरची माणसे कुठे चढणार? त्यांनी चष्म्यावरून पाहिले. त्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणाले, आणि शिक्का मारला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

८.११ ला पोहोचलो. चौदा मिनिटे वाचली.

लालबागचा पूल उतरलो आणि समोरच कंपनीचे फाटक. इतके जवळ नव्हते. मध्ये वस्ती होती, दुकाने होती, एक मोठी शाळा होती असे वाटते. ड्रायव्हरला विचारले की नवा रस्ता काढला का. तो म्हणाला रस्ता एकच आहे भाई, दहा वर्षांपासून हाच.

जेवताना विहंगला म्हटले, मांजलपूरची माणसे आज दिसली नाहीत. त्याने विचारले, मांजलपूर? ते कुठे आलं? तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा करताना त्याचा डावा डोळा बारीक होतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

७.५७. एकूण बावन्न मिनिटे.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. वेळ जावा म्हणून वहीची मागची पाने वाचत बसलो. मी लिहिले आहे की लालबागला एक मुलगा चढतो आणि शेजारी बसतो. विहंग. त्याचे बोलणेसुद्धा लिहिले आहे. अक्षर माझेच. मला त्याचा चेहरा आठवत नाही. लालबागही आठवत नाही. पूल कुठला?

हजेरीच्या फळ्यावर विहंग नाव नाही. त्याच्या विभागात विचारले, सगळे खांदे उडवतात.

धावत दिनकररावांकडे गेलो आणि अर्ज मागे घेतो म्हणालो. ते चिडले. तोंडी काही चालत नाही, लेखी आणा, उद्या सकाळी पहिलं काम तुमचं करतो. मी म्हटले उद्या नको, आत्ताच लिहितो, उद्या दांडिया बाजारचा दिवस आहे, तुमचा थांबा आहे. ते हसले. म्हणाले, चार पिढ्या राहतो आम्ही तिथे, बस आली नाही तर स्कूटर काढीन. आणि ऑफिस बंद करून निघून गेले.

घरी येऊन नवा अर्ज लिहिला. तीन कागद खराब झाले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

७.४५. चाळीस मिनिटे.

कारेलीबागेतून निघालो, एक वळण आणि कंपनी.

बसचे ऑफिस नाही. तिथे भिंत आहे, भिंतीवर कॅलेंडर. चिठ्ठ्या लावतो तिथल्या बाईंना विचारले की बसचे काम कोण पाहते. बस आहे ना, मग पाहायचं काय त्यात, असे म्हणाल्या. खिशात माझ्या अक्षरातला अर्ज आहे, वर लिहिले आहे माननीय दिनकरराव यांस. हे कोण, ते वहीवरून कळते. तेवढेच.

उद्या कारेलीबाग.

संध्याकाळी तसाच ताईकडे उतरलो. वही तिच्या हातात दिली. तिने सगळी वाचली. मग म्हणाली, छान लिहितोस रे, पण दाजींच्या आईचं असं काही लिहू नये. मी म्हटले काय लिहिले? लोणचे त्यांनीच पाठवले ना? ताई म्हणाली दाजींना आई नव्हती. कधीच नव्हती. दाजी समोर बसून भाकरी कुस्करत होते, त्यांनी मान हलवली, जसे कोणी नळाला पाणी नाही म्हणावे.

मी हात जोडले. आत्ता माझ्या खोलीवर चला, दोन दिवस, सोमवारी काय ते ठरवू. ताई म्हणाली, ओवीची उद्या चित्रकलेची परीक्षा आहे, रंग आणून ठेवलेत. मग ओवीला तरी द्या. यावर ती रागावली. तू बहु विचार करतोस उत्कर्ष, लहानपणापासून, जेव आणि गप्प झोप. दाजी म्हणाले की वाटल्यास स्कूटरवर सावली रोडला सोडतो.

सावली रोड पहिला थांबा आहे. तो राहणार. मी तिथे गेलो तर सोमवारी कामावर जाईन, बस सतरा मिनिटांत पोहोचेल, मला बरे वाटेल. हे मला माहीत आहे. बरे वाटेल.

गेलो नाही. इथेच अंथरूण टाकले आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

६.४०. सगळे आहेत. ताईने चहा दिला. मी तोंड पाडून बसलोय म्हणून तिने ओवीला सांगितले की मामाला पण पेपरचं टेन्शन आहे.

७.०५. फाटकावर बस लागली असेल.

७.१६. समा.

७.२८. गॅलरीत उभा आहे. बस आली नाही.

७.३१. दाजी स्कूटरवर दूध आणायला गेले होते. उजवीकडे गेले आणि डावीकडून आले. दूध नाही. म्हणतात कोपऱ्यावर वळलो तर आपलेच फाटक. हसले, पण चप्पल न काढता बसून राहिले.

७.३४. समोरची इमारत. होती ना? ताईला विचारले. ती म्हणते समोर नेहमी ही भिंतच आहे. कंपनीच्या फाटकाची भिंत आहे. लोखंडी पट्ट्यांची. मी रोज तिच्यातून आत

७.३६. कंपनीचा भोंगा गॅलरीच्या खाली वाजला.

सगळ्यांना आतल्या खोलीत घेतले आहे. ताई चिडली आहे, ओवीला हसू येते आहे. तिला वाटते हा खेळ आहे. मी नावे लिहून ठेवतो. आनंदी. गोविंदराव, माझे दाजी. ओवी, सहा वर्षे, निळा फ्रॉक, खालचा एक दात पडलेला. आनंदी माझी बहीण, शहाद्याच्या घरी मला सायकल

७.३८. दाजी गॅलरीचे दार लावायला उठले. गॅलरी

दार नाही. ताई कोणाला तरी हाक मारणार होती, तोंड उघडले आणि थांबली. मला विचारते, मी कोणाला बोलवत होते रे? वहीत पाहून नाव सांगितले. तिने मान हलवली. कोण ते?

७.३९. ताई माझा हात सोडू नकोस. ताई ओवीला मध्ये घे. अर्ज मीच लिहिला होता ताई. मला घाई

ओवी विचारते, मामा, आपण दोघंच का खेळतोय.

तिचा हात घट्ट धरला आहे. डाव्या हातात. उजव्याने लिहितो आहे. ओवी. ओवी. ओवी. रंगांचा डबा तिच्या मांडीवर. हात लहान आहे, गरम आहे, बोटांना पिवळा रंग लागलेला

७.४०. कंपनीबाहेरच्या पायरीवर बसलो आहे, जागा बरीच कमी आहे. समोर फाटक दिसते. वेळेवर आलो. डाव्या हाताची मूठ मी अशी का वळून