धुरळ्यात काय होतं?

३ फेब्रुवारी, मंगळवार

मला चंद्र मिळाला! सोमवारी निवड समितीसमोर नववीचा तास घ्यायचा, विषय चंद्रावरचं पाणी. जमला, तर शहरातल्या या शाळेत मी कायम. नाही तर एप्रिलपासून निपाणीला, आप्पांच्या तंबाखूच्या वखारीत. त्यांचं रोजचंच — "शाल्मली, बापाघरी हितं काय कमी हाय गं तुला?"

५ फेब्रुवारी

धडा सोपा करून पाहिला. चंद्राच्या ध्रुवाजवळ काही खड्ड्यांत ऊन कधीच पोचत नाही. मग तिथं काय आहे ते बघणार कसं? रिकामं रॉकेट आपटायचं! धुरळा उडून उन्हात आला, की मागून येणाऱ्या यानातला वर्णपटमापी बघतो — उजेडातले कुठले रंग या धुरळ्यानं गिळले. प्रत्येक पदार्थाची खोड वेगळी. असं हात न लावता पाणी सापडलं! हे सुचलं त्यांना ओवाळावंसं वाटतं.

माझ्याकडे बादली, लोखंडी गोळा, टॉर्च. माती मात्र पिठाहून बारीक हवी. आप्पांना फोन केला, माती चाळून पाठवा. वखारीतल्यासारखी चाळण दुसरीकडं कुठं?

७ फेब्रुवारी

निपाणीच्या बसच्या कंडक्टरकडून आप्पांचा डबा आला. खाकी, मऊसूत. सर्दीनं नाक पार चोंदलंय.

९ फेब्रुवारी

देवा! खिडक्या बंद करून गोळा सोडला. धुरळा टॉर्चच्या झोतात काय सुंदर चढला! आणि अध्यक्ष नागेंद्र सर शिंकले. मग समिती. मग अख्खी नववी! डब्यात माती नव्हतीच — तंबाखू, तपकिरीसारखी चाळलेली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून भैरवी ओरडली, "बाई, हात न लावता कळलं की आत काय हाय ते!" वर्ग खदखदला. नागेंद्र सर डोळे पुसत म्हणाले, "निपाणीचा माल. लई अव्वल!"

मग मीही सुटले — "सर, आजचा वर्णपटमापी म्हणजे तुमचं नाक!" तास असा रंगला, की घंटा झाली तरी कोणी उठेना.

१० फेब्रुवारी

आप्पा म्हणतात, डबे बदलले असतील. असेल बाई.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कायम झाले! पहिला फोन आप्पांना. ते आधी शाबास म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मीच मुद्दाम भरलती गं तंबाखू. म्हटलं, फजिती झाली की येशील घरला. तुझी आई गेल्यापास्नं घर लई मोठं वाटतंय."

रागवायचं होतं. रडूच आलं, मग हसू. उद्या निपाणी. आधी भांडणार, मग जेवणार.