इसहाकाला ठाऊक होतं

पिंपरी, १९७४. रविवार, संध्याकाळ.

बाबांना आता अजिबात दिसत नाही. आज बायबल वाचून दाखवताना मी म्हणालो, "आंधळा इसहाक किती भोळा! धाकट्या लेकाने, याकोबाने, हाताला केसाळ कातडं बांधून थोरल्याचं सोंग घेतलं आणि आशीर्वाद लाटला."

"भोळा नव्हता," बाबा म्हणाले. "बाप हात ओळखतो. लेकाला लाजवायचं नव्हतं, म्हणून गप्प बसला."

मी बायबल मिटलं. मागच्या महिन्यात तापात ते दादाला हाका मारत होते. दादा भांडून चाकणला गेलेला. शेवटी मीच त्याच्या आवाजात "आलोय, बाबा" म्हणालो. किती वेळ हात कुरवाळत होते. माझाच हात!

"बाबा, तेव्हाच ओळखलंत?"

"हो. पण तो येईल ना रे?"

उद्या शिफ्ट बुडवून चाकणला जाणार. पाया पडावं लागलं तरी दादाला घेऊनच येईन.