शेवंतीवरचा दिवा

आबा, यंदा शेवंती माझ्या कमरेच्या वर गेली आहे आणि तिला एक कळी नाही. वडूजच्या आपल्या माळावर ती गुडघ्याच्या वर कधी गेली नाही. तुम्ही पाणी तोडायचात, दोनदा शेंडे खुडायचात, की झाड आखूड राहून फांद्यांनी गच्च व्हायचं. तीच रोपं घेऊन मी इथं आष्ट्याजवळच्या काळ्या रानात आलो. ही माती ओल धरते, चौफेर ऊस, वाऱ्याला वाट नाही; चार बोटं जास्त वाढणार हे मी धरूनच होतो. पण कमरेवर? पाणी तोडलं, युरिया थांबवला, शेंडे खुडले. तुमचं सगळं करून पाहिलं. ती वाढतच राहिली.

कारण मी माझं मीच शोधलं, कुणी सांगितलं नाही. गोठ्याच्या भिंतीआडची मोजकी झाडं मांडीइतकीच आहेत आणि कळ्यांनी लगडली आहेत. माती तीच, पाणी तेच. फक्त खांबावरच्या दिव्याचा उजेड तिथं पोचत नाही. रात्र मोठी झाल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही, आणि बाकीच्या वाफ्यांवर मी रात्र होऊच दिलेली नाही.

दिवा मीच बसवलाय. श्रावणात उसातनं बिबट्या आला आणि गोठ्याजवळचं कुत्रं घेऊन गेला. नुसती साखळी राहिली. तुमची सून पहाटे अंधारातच धार काढायला जाते.

"आवं, बंद करा की त्यो दिवा. यंदाचं घर त्या फुलांवर हाय. मी बॅटरी घिऊन जाईन," ती म्हणते.

"आन् त्यो आला तर?"

"आला तर सांगन, मालक तिकडं शेवंती मोजत बसल्यात, त्यास्नी भेट."

ती हसते. मला हसू येत नाही. दिव्याला पत्रा लावून उजेड गोठ्याकडं वळवावा, तर उसाची कड काळी राहते, आणि तो येतो तिथूनच. धारेपुरताच लावावा, तर तोवर तो अंधारात येऊन बसलेला असेल. दिवाळीच्या आसपास फूल हवं तर आजच अंधार द्यायला हवा.

लहानपणी तुम्ही मला तिन्हीसांजेला विहिरीवर धाडायचात. मी रेंगाळलो की म्हणायचात, "जा रं, काळोख काय खात न्हाई." मी जायचो, आणि खरंच काही खायचं नाही. वडूजच्या उघड्या माळावर लांबनं येणारं माणूस दिसायचं. इथं हाताच्या अंतरावर ऊस उभा आहे, आबा, आणि त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही.

आज दिवस बुडताना दिवा बंद करायला गेलो. बटणावर बोट ठेवलं आणि उसाचा पाला वाजला. वारा नव्हता. तसाच माघारी आलो.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहितोय. दिवा चालू आहे. तुमच्या सुनेला सांगितलंय, बटण बिघडलंय.