रेघ तीच राहते

४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद; उत्तम किती, ते तुझ्या भेटवस्तूवरून ठरवू.

भुलीच्या बंदुकीसाठी तू पाठवलेला स्कोप पोचला. अरे, मी जनावरांची डॉक्टर आहे. चाळीस पावलांवरच्या जनावराच्या मांडीत भुलीचा बाण मारायचा एवढंच माझं काम. चंद्रावरचे खड्डे मोजायचे नाहीत. वीस पट मोठं दिसतं म्हणे! खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या बाईंचा चहा उतू जातोय हे त्यांच्याआधी मला कळलं. आणि आतली ती फुली! जुन्या स्कोपात दोन साध्या रेघा होत्या, छेद तिथे नेम. ह्यात छेदाखाली रेघांची शिडीच लोंबते. कोळ्याने जाळं विणायला घेतलं आणि मध्येच जेवायला उठून गेला असं वाटतं. शिडी कशासाठी ते नीट कळव. थापा नकोत. माझ्या बाणासमोर जीव असतो.

लोभ आहेच, मागायला लावू नकोस.
ताई

११ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार; वाकताना पाठ धरली, म्हणजे खराच घातला असं समज.

तुझं अज्ञान वाचून वाईट वाटलं. रायफल क्लबात ह्या विषयावर व्याख्यान द्यायला मलाच बोलावतात. तुला घरबसल्या फुकट मिळतंय. त्या फुलीला रेटिकल म्हणतात. बाण लांब जाईल तसा खाली पडतो. म्हणून लांबच्या जनावरावर छेद धरायचा नाही, खालची रेघ धरायची; नळी आपोआप तेवढी वर उचलली जाते. झूम वीसवर ठेव, कागदावर मारून बघ आणि कुठल्या अंतराला कुठली रेघ ते पक्कं कर. मग झूम कमी कर, जास्त कर, रेघ तीच राहते. डोळे मिटून विश्वास ठेव. (नेम धरताना मात्र एकच मीट.)

हिचा नमस्कार. ही म्हणते, आधी माहितीपत्रक वाचायला सांगा. माहितीपत्रकं कोणासाठी छापतात, ते तुला मी सांगायला नको.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बारक्या

२९ मार्च

चि. बारक्यास,
आज आशीर्वाद जपून देते आहे.

परवा लाकडाच्या वखारीत एक अस्वलीण शिरली. पुढच्या पायात तारेचा फास रुतलेला, पाय सुजून टम्म. फाटकाबाहेर माणसांची गर्दी, आणि वनखात्याचे साहेब खरी रायफल घेऊन उभे. त्यांनी बजावलं, की तुम्हाला एक बाण मारू देतो. चुकला आणि ती फाटकाकडे वळली, तर मी गोळी घालणार.

चाळीस पावलांना दुसरी रेघ, हे मी कागदावर घोटून घेतलं होतं. पण वीस पटीने पाहते तर नुसते काळे केस. मांडी कुठली आणि मान कुठली, काही कळेना. झूम पाचवर आणला, तेव्हा कुठे अख्खी अस्वलीण दिसली. दुसरी रेघ मांडीवर धरून चाप ओढला. बाण तिच्या पाठीवरून गेला आणि साहेबांच्या जीपच्या टायरात घुसला. टायराला शांत झोप लागली. तिला नाही.

ती फाटकाकडे वळली, साहेबांनी रायफल उचलली, आणि मी त्यांच्या नळीसमोर जाऊन उभी राहिले. धाडस म्हणू नकोस. तिथून पुढे माझे पायच हलेनात. ते ओरडले, बाजूला व्हा. मी ओरडले, अजून एक बाण. आमच्या आरडाओरड्याने ती बिचकली आणि ओंडक्यांच्या थप्पीला टेकून बसली. थप्पीच्या आडून मी तिचा उग्र वास येईपर्यंत जवळ गेले आणि स्कोपकडे न बघता नुसत्या नळीच्या रोखाने बाण मारला. लागला. फास काढला. पाय वाचेल.

घरी येऊन माहितीपत्रक वाचलं. ह्या स्कोपात झूम बदलला की चित्र लहानमोठं होतं, रेघा होत्या तेवढ्याच राहतात. म्हणजे पाचवर तीच रेघ धरली, की नळी चौपट वर उचलली जाते. रेघ तीच राहते बारक्या, तिचा अर्थ राहत नाही. तुला हे माहीतच नव्हतं, की सांगायचं राहिलं? साहेबांना मी सांगितलं, की दुकानदाराने फसवलं.

उत्तर आलं तर लोभ.
ताई

९ एप्रिल

ती. ताईंस,
भावजयीचा नमस्कार, ह्यांचा अजून तयार नाही.

तुमचं पत्र वाचून आधी म्हणाले, ताईचा हात हलला असणार. मग स्वतःचा तसलाच स्कोप घेऊन गच्चीवर गेले. समोरच्या पाण्याच्या टाकीकडे झूम वीसवर ठेवून पाहिलं, पाचवर ठेवून पाहिलं, पुन्हा वीसवर ठेवून पाहिलं. खाली आले आणि जेवायला बसले. आमटीत मीठ नव्हतं, तेही कळलं नाही.

रविवारी क्लबात व्याख्यान होतं. मला वाटलं, आता कबूल करतील. ह्यांनी फळ्यावर टाकी काढून झूम आणि रेघ झकास समजावली, आणि म्हणाले, की एवढं न समजल्यामुळे एका डॉक्टरबाईंनी जीपच्या टायराला भूल दिली. सभा खदखदून हसली. मी मागच्या रांगेतून उठले आणि विचारलं, की रेघ तीच राहते, हे त्या बाईंना सांगितलं कोणी? हे पाणी प्यायले. ग्लास रिकामा झाला तरी पीतच राहिले. शेवटी म्हणाले, मी. सभा दुप्पट हसली. मग ह्यांनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, की ती माझी बहीण आहे आणि ती बंदुकीसमोर उभी राहिली होती. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला आहे. ताई, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात कोणी मला काही समजावून सांगत नाहीये. तुम्हाला पत्र लिहायला बसतात, उठतात. आलं, तर उत्तर द्यायची घाई करू नका. मला अजून थोडे दिवस मिळू द्या.

तुमची,
भावजय